खाणीच्या माथ्यावरचें रान

दगडी कोळशाचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा तीन गोष्टींचा हिशेब ठेवतात. कोळसा किती निघाला, त्यासाठीं भांडवल कोणाचें लागलें आणि मजूर किती उतरले, या त्या तीन गोष्टी होत. हा हिशेब आवश्यक आहे यांत शंका नाहीं. परंतु खाण जमिनीच्या पोटांत असली तरी तिच्या माथ्यावर कांहीं ना कांहीं उभें असतेंच. तें शेत असेल, माळ असेल किंवा रान असेल. खालचा कोळसा काढून नेल्यावर वरच्या रानाचें काय होतें, हा प्रश्न इतिहासांत फारसा कोणी विचारीत नाहीं. आज श्रोत्यांपुढें तोच प्रश्न मांडावा असा माझा हेतु आहे. त्यासाठीं मीं आपल्या देशांतील सर्वांत जुन्या कोळसाक्षेत्राचें उदाहरण घेतलें आहे. दामोदर नदीच्या कांठचें बंगालमधील राणीगंज आणि त्याच्या पश्चिमेस लागून असलेला झरियाचा टापू, हें तें क्षेत्र होय.

कोळसा काढण्याच्या दोन रीती आहेत. एका रींतींत वरची माती व खडक सारे उकरून बाजूला टाकतात आणि उघड्या आभाळाखालीं कोळसा खणतात. तेथें रान उरत नाहीं हें सांगावयास कोणा शास्त्रज्ञाची गरज नाहीं. दुसरी रीत भूमिगत खाणीची. तींत विहिरीसारखा एक उभा खड्डा खणतात, त्या भागांतील मजूर त्याला ‘चानक’ म्हणतात, आणि त्याच्या तळापासून आडव्या गल्ल्या काढीत कोळसा बाहेर आणतात. वरची जमीन जागच्या जागीं राहते. झाडें उभीं दिसतात, गुरें चरतांना दिसतात. म्हणून भूमिगत खाणीनें रानाला धक्का लागत नाहीं, असा समज सहज होतो. हा समज अर्धा खरा आहे आणि अर्धा खोटा आहे. त्यांतला कोणता अर्धा खरा, हें मात्र झाडांनाच विचारलें पाहिजे.

प्रथम तेथील जुन्या रानाची ओळख करून घेऊं. राणीगंज हें गांव कलकत्त्याच्या वायव्येस सुमारें दोनशें किलोमीटरांवर आहे. बंगालची सपाट, ओली, भाताची जमीन येथें संपते आणि छोटा नागपूरच्या पठाराची तांबडी, खडकाळ, चढउताराची जमीन सुरू होते. इंग्रज कंपनीच्या सरकारनें १८०५ सालीं या बाजूच्या परगण्यांचा मिळून एक जिल्हा केला, त्याचें नांव ‘जंगल महाल’ असें ठेविलें. राणीगंज ज्या शेरगड परगण्यांत येतें तोही त्यांत होता. १८३३ सालीं हा जिल्हा मोडला. परंतु त्या नांवावरून या भूमीचें तेव्हांचें स्वरूप काय होतें याची कल्पना येते. याच कोळसाक्षेत्राची आजची राजधानी शोभावी असें शहर आसनसोल. या नांवांतला ‘आसन’ म्हणजे आसन नांवाचा वृक्ष, आपल्याकडचा ऐन, असें त्याचें स्पष्टीकरण सांगतात. झरियाच्या बाजूस केंदुआडीह नांवाची खाण आहे. त्या नांवांत केंदू म्हणजे तेंदू, आपली टेंभुर्णी, कानाला स्पष्ट ऐकूं येते. झाडें गेलीं तरी नांवें मागें राहिलीं आहेत.

ऐन, तेंदू, मोह, पळस, धावडा हीं झाडें आपल्या विदर्भांतल्या श्रोत्यांना घरचीं वाटतील. परंतु त्या रानाचा राजा आपल्याकडे नाहीं. तो साल किंवा शालवृक्ष. आपल्या रानांत जें स्थान सागाचें, तेंच तिकडे सालाचें. सरळ खोड, जड व टिकाऊ लांकूड, वसंतांत फिकट फुलांचे घोस आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पंख लावल्यासारखीं फळें, अशी त्याची खूण सांगतां येईल. संथाळ लोकांच्या जीवनांत या झाडाला देवतेचा मान आहे. गांवाच्या कडेला सालवृक्षांची एक राई न तोडतां राखून ठेवतात, तिला ‘जाहेरथान’ म्हणतात. आणि सालाला फुलें आलीं म्हणजे तेथें वसंताचा उत्सव करतात. आपल्या सह्याद्रींतील देवराईशीं या राईचें नातें लगेच लक्षांत येईल. पत्रावळी सालाच्या पानांच्या, अडचणीच्या दिवसांत पोटाला आधार मोहाच्या फुलांचा, औषध रानांतल्या मुळ्यांचें, असा त्या लोकांचा संसार या रानावर उभा होता.

या भूमींत कोळसा काढण्याचा परवाना प्रथम १७७४ सालीं वॉरन हेस्टिंग्सच्या कारकीर्दींत समनर व हीटली या दोन इंग्रजांनीं मिळविला. तो उद्योग फार काळ चालला नाहीं. पुढें १८१५ च्या सुमारास जोन्स नांवाच्या गृहस्थानें राणीगंजास खाणकाम पुन्हां सुरू केलें. १८३६ सालीं ही खाण द्वारकानाथ ठाकूर यांच्या हातीं आली. रवींद्रनाथांचे हे आजोबा. १८४३ सालीं बंगाल कोल कंपनी स्थापन झाली. तोंवर कोळसा दामोदराला पूर आला म्हणजे होड्यांतून कलकत्त्याकडे जाई. वर्षाचे बाकीचे महिने तो कांठावर पडून राही. ३ फेब्रुवारी १८५५ रोजीं हावडा ते राणीगंज हा लोहमार्ग खुला झाला आणि ही अडचण संपली. १८९४ सालीं रेल्वे झरियापर्यंत पोंचली आणि तेथेंही खाणींचें जाळें पसरूं लागलें.

आतां रानाकडे वळूं. भूमिगत खाण वरची जमीन उकरीत नाहीं हें खरें. पण तिला लांकूड लागतें, आणि तें फार लागतें. गल्लीचें छत खालीं येऊं नये म्हणून जागोजाग लांकडी टेकू द्यावे लागत. या कामाला सालाइतकें चांगलें लांकूड त्या मुलखांत दुसरें नव्हतें. शिवाय लांकडाच्या टेकूचा एक गुण खाणकामगार मोठ्या विश्वासानें सांगत: भार असह्य झाला म्हणजे लांकूड मोडण्यापूर्वीं कुरकुरतें आणि माणसाला पळण्याची सूचना देतें. अशा टेकूंपैकीं कित्येक छताबरोबर तेथेंच गाडले जात आणि पुढच्या गल्लीसाठीं नवी झाडें तोडावीं लागत. म्हणजे खालीं जितकी गल्ली वाढे, तितकें वरचें रान आंत उतरे. रुळांखालचीं लांकडें, विटांच्या भट्ट्या, मजुरांच्या झोंपड्या, नव्या वस्त्यांसाठीं मोडलेली जमीन, या साऱ्यांनीं त्यांत भर घातली. खाणीनें जमीन उघडी केली नाहीं, पण खाणीच्या भुकेनें ती उघडी पडली.

हें थांबविणारा कोणी नव्हता काय? जंगलांचें रक्षण करणारें सरकारी खातें १८६४ सालीं ब्रँडिस याच्या हाताखालीं निघालें आणि १८६५ व १८७८ सालीं जंगलांचे कायदेही झाले. परंतु बंगालमध्यें १७९३ च्या कायमधाऱ्यानें जमीनदारांना जमिनीची मालकी मिळालेली होती, आणि या टापूंतलें पुष्कळसें रान त्या मालकींत मोडत होतें. सरकारी राखीव जंगलाचे नियम तेथें लागू होत नसत. जमीनदाराला एकाच जमिनीचे दोन पैसे मिळूं लागले. खालच्या कोळशाचें स्वामित्वधन आणि वरच्या सालाची किंमत. ज्यांच्या जाहेरथानांतील साल वांचला ते संथाळ, आणि त्यांच्या शेजारचे बाउरी, आपल्याच रानाच्या खालीं कुदळ घेऊन उतरले. खाजगी रानांना आळा घालणारे कायदे बंगाल व बिहारमध्यें या शतकांत नव्हे, गेल्या शतकाच्या मध्याला झाले, आणि पश्चिम बंगालमधील जमीनदारी १९५३ च्या कायद्यानें गेली. तोंवर राणीगंजच्या आसपास सालाचें सलग रान पाहावयास मिळणें कठीण झालें होतें.

या कथेंत एक चमत्कारिक योगायोग आहे. ज्या काळांत वरचें रान तुटत होतें, त्याच काळांत जगांतले नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ खालच्या रानाचा अभ्यास करीत होते. कोळसा म्हणजे दडपलेलें रान, हें आपण सर्व जाणतोंच. १८२८ सालीं फ्रान्समधील ब्राँन्यार यानें कोळशाच्या खडकांत सांपडणाऱ्या एका पानाला ‘ग्लॉसोप्टेरिस’ असें नांव दिलें. जिभेसारख्या आकाराचें नेचें, असा त्याचा अर्थ. १८४८ सालच्या आरंभीं जोसेफ डाल्टन हूकर हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ हिमालयाकडे जाण्यापूर्वीं दामोदरच्या खोऱ्यांतून गेला. कोळशाची पाहणी करणारा भूशास्त्रज्ञ विल्यम्स हा त्याच्याबरोबर होता. हूकरनें तेथील पाषाणीभूत पानें पाहिलीं, आणि केवळ पानांच्या साम्यावरून या कोळशाचें वय ठरवितां येणार नाहीं, असा सावधपणाचा अभिप्राय दिला. विल्यम्स त्याच वर्षाच्या अखेरीस रानांतल्या तापानें वारला. १८५१ सालीं टॉमस ओल्डहॅम याच्या नेतृत्वाखालीं भूशास्त्रीय पाहणीचें खातें उभें राहिलें. ब्लॅनफर्डनें राणीगंज क्षेत्राचा तपशीलवार नकाशा केला. आणि ओटोकार फाइस्टमांटेल यानें १८७५ नंतरच्या सातआठ वर्षांत या दगडांतील पानांचीं वर्णनें व चित्रें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं.

या खडकांच्या समूहाला जें नांव मिळालें तें आपल्या ओळखीचें आहे. मेडलिकॉट नांवाच्या भूशास्त्रज्ञानें गोंडांच्या देशावरून त्यांना ‘गोंडवन’ म्हटलें. पुढें १८८५ सालीं एडुआर्ड झ्यूस यानें तेंच नांव दक्षिणेकडील एका प्राचीन महाखंडाला दिलें. कारण हेंच जिभेसारखें पान आफ्रिकेंत, ऑस्ट्रेलियांत व दक्षिण अमेरिकेंतही सांपडत होतें. १९१२ सालीं दक्षिण ध्रुवावरून परततांना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीनें अखेरपर्यंत सुमारें पस्तीस पौंड दगड ओढून आणले होते. त्यांतही ग्लॉसोप्टेरिस निघालें. ही वनस्पति नेचें नसून बीज धारण करणारी होती, हें पुढें एड्ना प्लम्स्टेड या विदुषीनें दक्षिण आफ्रिकेंतील नमुन्यांवरून १९५२ सालीं पुढें आणलें. पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वींच्या त्या रानाचा एक एक पर्ण अशा रीतीनें नोंदला गेला. खाणीच्या माथ्यावर उभ्या असलेल्या सालाच्या रानाच्या वांट्याला मात्र लांकडाच्या खरेदीची वही आली. प्रांतांतील वनस्पतींचे मोठे ग्रंथ झाले, प्रेनचा बंगालविषयींचा ग्रंथ १९०३ सालीं आला. परंतु खाणीनें जमिनीवरचें झाडझाडोरें कसें बदलतें, याचा स्वतंत्र विचार होण्यास आणखी पुष्कळ वर्षें जावीं लागलीं.

आतां खालच्या पोकळीचा वरच्या झाडांवर प्रत्यक्ष परिणाम कसा होतो तें पाहूं. भूमिगत खाणींत प्रथम आडव्याउभ्या गल्ल्या काढून मध्यें कोळशाचे जाड खांब ठेवतात. छत या खांबांवर तरून राहतें. पुढें त्या खांबांतला कोळसाही काढून घेतात, आणि मागें राहिलेल्या पोकळ जागेंत छत कोसळूं देतात. खाण उथळ असेल तर ही पडझड वर जमिनीपर्यंत पोंचते. जमीन एखाद्या परातीसारखी खचते. परातीच्या कांठाला लांब भेगा पडतात. पावसाचें पाणी मातींत मुरून राहण्याऐवजीं या भेगांतून थेट खालीं उतरतें. विहिरी आटतात, आणि वरची सुपीक माती वाहून मध्यभागीं साचते. त्यामुळें एकाच खचलेल्या तुकड्यावर दोन निराळीं रानें दिसूं लागतात. कांठावर कोरड सोसणारीं झुडपें व राठ गवतें. तळाशीं, जेथें पाणी साठून तळें होतें तेथें, पाणकणीस, लव्हाळे आणि कधींकधीं सारें तळें झांकून टाकणारी जलपर्णी. पूर्वीं ज्या जमिनीवर सालाची एकसारखी सावली होती, तेथें आतां कोरड आणि दलदल हाताच्या अंतरावर शेजारीं नांदतात.

याहून भयंकर गोष्ट आगीची. हवा लागलेला कोळसा आपोआप तापतो आणि पेट घेतो. झरिया क्षेत्रांत भौरा येथील खाणींत १९१६ सालीं अशी आग लागल्याची नोंद आहे. त्यानंतर तेथें आगी पसरतच गेल्या. अशा जमिनीवर झाड वरून नव्हे, खालून मरतें. माती तापते, तींतला ओलावा आणि पालापाचोळ्याचा कस जळून जातो, मुळें भाजतात. राखेच्या रंगाची, धूर सोडणारी ती जमीन पुष्कळ काळ कोणत्याही बीजाला थारा देत नाहीं. रिकाम्या गल्ल्यांत दामोदरची वाळू पाण्याबरोबर भरण्याचा उपाय माहीत होता; १९३९ सालीं त्यासाठीं कायदाही झाला. जेथें वाळू नीट भरली गेली तेथें वरची जमीन टिकली. जेथें खर्च वांचविण्यासाठीं ती भरली गेली नाहीं, तेथें त्या कंजूषपणाचा परिणाम आज वरचीं गांवें आणि झाडें भोगीत आहेत.

मग खाण बंद पडल्यावर त्या माथ्यावर कांहींच उगवत नाहीं काय? पुष्कळ उगवतें, आणि येथेंच मोठा भ्रम होतो. प्रथम रुई, कासाचें उंच गवत, एरंड, बोर, अशीं कष्टाळू झाडें येतात. त्यांच्या मागोमाग परदेशी पाहुणे येतात. घाणेरी ही मूळची अमेरिकेची. ती १८०९ च्या सुमारास शोभेसाठीं कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानांत आणली गेली, आणि तेथून तिनें देश पादाक्रांत केला. जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्यें शिरली, आणि १९३६ सालीं तिच्याविरुद्ध बंगालच्या सरकाराला कायदा करावा लागला. ज्याला आपण गाजरगवत म्हणतों तें १९५५ च्या सुमारास पुण्यांत लोकांच्या नजरेस आलें. आज तें कोळसाक्षेत्रांतल्या रस्त्यांच्या कडांनाही दाट वाढलेलें आढळतें. कोळशाच्या गाड्या, टेकूंचीं लांकडें, गुरें आणि माणसें यांच्या येण्याजाण्याबरोबर अशीं बीजें प्रवास करतात. आणि भेगाळलेली, उघडी जमीन त्यांचें स्वागत करते.

आतां कोणी मोजदाद करूं लागला तर त्याला एक नवल आढळेल. दाट सालवनांत सावलीमुळें जमिनीवर थोड्याच जातींचीं रोपें असतात. खाणीच्या माथ्यावरच्या मोडक्यातोडक्या जमिनींत, कोरड्या कांठावर, ओल्या तळाशीं, रस्त्याच्या कडेला, अशा निरनिराळ्या जागीं मिळून लहानसहान जातींची संख्या रानाहून अधिकही भरूं शकते. आंकड्यांकडेच पाहणारा म्हणेल कीं, खाणीनें वनस्पतींचें वैविध्य वाढविलें. परंतु या वाढींत जें आलें तें जगांतल्या कोणत्याही उकिरड्यावर येणारें. आणि जें गेलें तें त्याच भूमीचें, दुसरीकडून न मिळणारें. सालाच्या सावलींत वाढणाऱ्या वेली, खोडावरचीं आमरें, ओलसर पाचोळ्यांतलीं कंदमुळें, यांची जागा गाजरगवतानें घेतली तर बेरीज तीच राहील, पण संथाळ बाईला त्यांत पान मिळणार नाहीं, फूल मिळणार नाहीं, औषधही मिळणार नाहीं. म्हणून किती जाती, या प्रश्नापूर्वीं कोणत्या जाती, हा प्रश्न विचारावा लागतो.

येथवर मीं त्या समजाचा खोटा अर्धा सांगितला. आतां खरा अर्धा सांगितला पाहिजे, आणि तो सालाच्या स्वभावांत आहे. सालाचें बीज फार अल्पायुषी असतें. उन्हाळा संपतां संपतां तें पिकून गळतें, आणि आठवडाभरांत ओल मिळाली नाहीं तर त्याची उगवण्याची शक्ति नाहींशी होते. तें साठवून ठेवतां येत नाहीं, आणि दूरवरही जात नाहीं. उगवलेलें रोपही कित्येक वर्षें दर कोरड्या ऋतूंत वरून मरतें आणि पावसाळ्यांत मुळांतून पुन्हां फुटतें. मूळ पुरेसें जाड झालें म्हणजे मगच तें झाड होऊं लागतें. सारांश, सालाची सारी ठेव मुळांत असते. झाड तोडलें तरी बुंधा व मुळें जिवंत असलीं तर त्यांतून धुमारे फुटतात, आणि राखले तर त्यांचें रान होतें. पण मुळेंच गेलीं, तर बीज टाकून साल परत आणणें अतिशय कठीण.

आतां भूमिगत खाण आणि उघडी खाण यांतला फरक या दृष्टीनें पहा. भूमिगत खाणीनें टेकूंसाठीं झाडें तोडलीं, पण जेथें जमीन खचली नाहीं, पेटली नाहीं, नांगरली गेली नाहीं, तेथें बुंधे व मुळें जागच्या जागीं राहिलीं. म्हणजे रान गेलें, पण रानाची शक्यता राहिली. उघड्या खाणींत मुळासकट माती उचलली जाते. तेथें ती शक्यताही जात असते. १९७१ ते १९७३ या काळांत कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि त्यानंतर उघड्या खाणींचा विस्तार होत गेला. आज देशांत निघणाऱ्या कोळशाच्या दहा भागांपैकीं नऊहून अधिक भाग उघड्या खाणींतून येतो. मजुरांच्या जिवाच्या दृष्टीनें आणि स्वस्ताईच्या दृष्टीनें त्याचें समर्थन होतें, तें मी नाकारीत नाहीं. परंतु या फेरबदलांत मुळांचा हिशेब कोणीच केला नाहीं, एवढें मात्र म्हटलें पाहिजे.

मुळें राहिलीं तर काय होऊं शकतें याचें एक उदाहरण कोळशाच्या पट्ट्याच्या दक्षिणेस, त्याच तांबड्या मातीच्या मेदिनीपूर भागांत, घडलें आहे. तेथें खाण नव्हती. परंतु रान तसेंच तोडून तोडून खुरटलें होतें. १९७२ सालीं आराबारी येथें अजितकुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्यानें अकरा गांवांतील लोकांना एक साधा करार सुचविला. त्यांनीं सालाचे धुमारे गुरांपासून व कुऱ्हाडीपासून राखावे. पाने, गवत व फळें त्यांनींच घ्यावीं. आणि लांकडाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा त्यांना मिळावा. कोणी रोपें लावलीं म्हणून नव्हे, तर लोकांनीं मुळांना वाढूं दिलें म्हणून तेथें साल पुन्हां उभा राहिला. पुढें १९८९ सालीं पश्चिम बंगाल सरकारनें आणि १९९० सालीं मध्यवर्ती सरकारनें लोकांच्या भागीदारीचें हें धोरण स्वीकारलें. याच्या उलट, कोळसाक्षेत्रांत पुष्कळ ठिकाणीं घाईनें निलगिरी आणि ऑस्ट्रेलियाची बाभूळ लावण्यांत आली. तीं झाडें लवकर वाढतात, धूळ अडवितात, दूरून हिरवीं दिसतात. त्यांचाही उपयोग आहे. परंतु हिरवें दिसणें आणि रान होणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा सारा विषय दूर बंगालचा आहे असें कोणास वाटेल, तर त्यानें आपल्या वर्धा नदीच्या खोऱ्याकडे पाहावें. चांद्याच्या गोंड राजांच्या या मुलखांतही गोंडवन काळाचाच कोळसा आहे, आणि दगडांत तेंच जिभेसारखें पान सांपडतें. वरोऱ्याला १८७१ सालीं सरकारी खाण सुरू झाली आणि १९०६ सालीं ती बंद पडली. त्यानंतर घुग्गुस, बल्लारपूर, राजुरा या बाजूस खाणींचा विस्तार झाला. तेथें साल नाहीं, साग आहे. सागही बुंध्यापासून जोमानें फुटतो. शिवाय त्याचें फळ टणक असून जमिनींत पडून राहूनही पुढें उगवूं शकतें. म्हणजे निसर्गानें आपल्या रानाला सालवनाहून एक संधि अधिक दिली आहे. ती संधि माती व मुळें शाबूत राहिलीं तरच उपयोगी पडेल, हें सांगावयास नकोच.

२००९ पासून आपल्या देशांत प्रत्येक कोळशाच्या खाणीला ती बंद करण्याची योजना आधींच तयार ठेवावी लागते आणि त्यासाठीं पैसेही बाजूला टाकावे लागतात. ही गोष्ट चांगली आहे. अशी योजना वाचतांना किती रोपें लावलीं हा आंकडा सर्वांत ठळक अक्षरांत छापलेला असतो. वाचणारानें त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावे. खाणीच्या माथ्यावर पूर्वीं कोणतें रान होतें? त्याचीं मुळें अजून जमिनींत आहेत काय? आणि जवळच्या गांवांत राखलेली एखादी राई उरली आहे काय? अशा राईंत जुन्या रानाचें बीज अजून दरवर्षीं गळत असतें, आणि कोणत्या मोसमांत कोणतें झाड फुलतें हें जाणणारीं माणसें तिच्याभोंवतीं राहतात. खाण बंद करणाऱ्यांनीं झाडें लावण्यापूर्वीं त्या माणसांना एकदां विचारलें, तर पुढच्या पिढीला खाणीच्या माथ्यावर केवळ हिरवळ नव्हे, तर रान दिसण्याचा संभव आहे. कोटी वर्षांपूर्वींच्या पानांची आपण काळजीपूर्वक नोंद ठेविली. जीं अजून फुटूं शकतात, त्या मुळांचीही नोंद ठेवावी, इतकीच विनंती करून मी आपलें भाषण पुरें करतों.